आजोबांचं दुसरं नाव

2024च्या ऑगस्टमध्ये ब्राझीलमध्ये सिल्व्हिओ सांतोस वारले, वयाच्या 93व्या वर्षी. आपल्याकडे हे नाव फारसं कुणाला माहीत नाही, पण तिथे कित्येक दशकं रविवार म्हणजे सिल्व्हिओ सांतोस असं समीकरण होतं. रिओ द जानेरोच्या रस्त्यावर फेरीवाला म्हणून सुरुवात करणारा हा माणूस पुढे एका आख्ख्या टीव्ही वाहिनीचा मालक झाला. त्यांच्यावरचे मृत्युलेख वाचताना माझं लक्ष एका तपशिलाशी अडलं. सिल्व्हिओ सांतोस हे त्यांनी कामासाठी घेतलेलं नाव होतं. जन्मनाव होतं सेनोर अब्राव्हानेल.

अब्राव्हानेल हे काही साधंसुधं आडनाव नाही. ज्यूंच्या इतिहासात ते आपल्याकडच्या एखाद्या राजघराण्याच्या नावासारखं उच्चारलं जातं. असं नाव घरात असताना 'सांतोस' हे पोर्तुगीज भाषेतलं, पावलोपावली भेटणारं नाव का घ्यावं? सांतोस म्हणजे संत, तेही ख्रिस्ती. या एका प्रश्नापायी मी त्या आडनावाचा माग काढत बसलो, आणि वाटेत भलताच प्रश्न हाती लागला. आडनावाचा अभिमान बाळगायचा म्हणजे नेमका कशाचा?

आधी नावाबद्दल. हिब्रूत हे नाव लिहिताना एक अक्षर असं येतं, की ते 'ब' असंही वाचता येतं आणि 'व' असंही. त्यात हिब्रूत स्वरचिन्हं बहुतेक वेळा लिहीत नाहीत. त्यामुळे एकच नाव कुठे अब्राव्हानेल, कुठे अबारबनेल, तर कुठे अब्राबानेल होतं. अर्थाबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. कुणी ते 'अब्राहम'वरून आलेलं मानतं. कुणी त्याचे तुकडे पाडून त्यातून 'बाप', 'गुरू' आणि 'देव' असे तीन शब्द काढतं.

घराणं स्पेनमधलं, सेव्हिल शहरातलं. तेराव्या शतकाच्या अखेरीस येहुदा अब्राव्हानेल नावाचा गृहस्थ कास्तीलच्या राजाचा महसूल सांभाळत होता. पण घराण्याची स्वतःबद्दलची कथा याच्या कितीतरी आधी सुरू होते. जेरुसलेमचं पहिलं मंदिर पडलं तेव्हा दावीद राजाच्या वंशातली दोन घराणी स्पेनला आली, त्यातलं एक सेव्हिलमध्ये स्थिरावलं आणि ते म्हणजे आपण, असं हे लोक सांगत. दावीद म्हणजे गोलियथला गोफणीनं पाडणारा, साधारण तीन हजार वर्षांपूर्वीचा. या दाव्याला कागदोपत्री पुरावा नाही आणि असणंही शक्य नाही. पण तो सांगितला गेला, छापला गेला, पिढ्यान्‌पिढ्या मानला गेला.

तो सगळ्यात ठासून सांगितला डॉन इसाक अब्राव्हानेलनं. जन्म लिस्बन, 1437. मृत्यू व्हेनिस, 1508. या दोन गावांच्या मधलं त्याचं आयुष्य बघितलं की दम लागतो. पोर्तुगालचा राजा पाचवा अफोन्सो याचा तो खजिनदार होता. 1471मध्ये पोर्तुगालनं मोरोक्कोतलं आर्झिला हे शहर जिंकलं आणि तिथले सुमारे अडीचशे ज्यू गुलाम म्हणून विकले गेले. इसाकनं वर्गणी गोळा करून, देशोदेशी पत्रं पाठवून त्यांच्या सुटकेसाठी जिवाचं रान केलं. पुढे राजा बदलला. नव्या राजानं त्याच्यावर कटाचा आरोप ठेवला आणि 1483मध्ये त्याला रातोरात कास्तीलला पळून जावं लागलं. तिथे फर्डिनांड आणि इसाबेला यांच्या दरबारात त्यानं पुन्हा पत मिळवली.

मग 31 मार्च 1492 उजाडला. ग्रानादामध्ये राजाराणीनं फर्मानावर सही केली: स्पेनमधल्या सगळ्या ज्यूंनी जुलैअखेर बाप्तिस्मा घ्यावा, नाहीतर देश सोडावा. इसाकनं फर्मान मागे घ्यावं म्हणून खटपट केली, पैसा देऊ केला. उपयोग झाला नाही. त्याच दरबारात त्याचा वयोवृद्ध सहकारी होता, अब्राहम सेनिओर. त्यानं बाप्तिस्मा घेतला, समारंभाला खुद्द राजाराणी हजर होते, आणि त्याचं घराणं 'कोरोनेल' झालं. इसाक जहाजात बसला आणि नेपल्सला गेला.

इथपर्यंत गोष्ट अगदी सरळ आहे. एक वाकला, एक वाकला नाही. एकाचं नाव गेलं, दुसऱ्याचं राहिलं. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या स्वाभिमानाच्या गोष्टीला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

पण या इसाकला एक आजोबा होते.

त्यांचं नाव सॅम्युएल अब्राव्हानेल. सेव्हिलमधलं मोठं प्रस्थ, राजदरबारी हिशेबनीस. चौदाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि ते 'हुआन सांचेझ दे सेव्हिया' झाले. तो काळ भयंकर होता. 1391च्या जूनमध्ये सेव्हिलमध्येच ज्यूंच्या कत्तली सुरू झाल्या आणि गावोगाव पसरल्या. हजारो माणसं मेली, हजारोंनी जीव वाचवायला धर्म बदलला. आजोबांनी तो नेमका कधी आणि कशाच्या धाकानं बदलला यावर इतिहासकार वाद घालतात. बदलला, यावर वाद नाही. त्यांचा मुलगा येहुदा पुढे लिस्बनमध्ये ज्यू म्हणूनच राहिला, आणि त्याच्या पोटी इसाक जन्मला.

इसाक आपल्या ग्रंथांच्या प्रस्तावनांत स्वतःची वंशावळ मोठ्या दिमाखानं देतो. इसाक, येहुदाचा मुलगा, तो सॅम्युएलचा मुलगा, असं करत थेट दावीदच्या बापापर्यंत पोचतो. त्या यादीत आजोबा आहेत. हुआन सांचेझ नाही. आजोबांचं पहिलं नाव त्यानं ठेवलं आणि दुसरं गाळलं.

याबद्दल इसाकला दोष देणं सोपं आहे आणि मला ते करायचं नाही. ज्याला तीनदा देश सोडावा लागला, ज्याच्याकडे शेवटी सांगायला वंशावळीशिवाय फार काही उरलं नाही, त्यानं ती जरा झाडूनपुसून मांडली तर आपण कुठल्या तोंडानं बोलणार? पण त्याच्या गाळण्यानं एक गोष्ट उघडी पडते. पूर्वजांचा अभिमान आपण निवडून निवडून बाळगतो. शूर होता तो 'आमचा'. डगमगला तो 'तो काळच तसा होता'. आणि आजोबांच्या बाबतीत तो काळ खरंच तसा होता! मग शूरालाही काळानं काही मदत केली असेल, त्याच्याकडे जहाजाचं भाडं होतं, नेपल्सच्या राजाला त्याच्या हिशेबी डोक्याची गरज होती, हेही त्याच न्यायानं मोजायला हवं. ज्या चांभारापाशी भाड्याचे पैसे नव्हते, त्यानं 1492च्या जुलैत काय करायचं होतं?

इसाकच्या दुसऱ्या बाजूलाही असंच एक नाव हरवलेलं आहे. त्याचा थोरला मुलगा येहुदा, पेशानं वैद्य. पुढे 'लिओने एब्रेओ' या नावानं त्याचे प्रेमाविषयीचे इटालियन संवाद 1535मध्ये रोममध्ये छापले गेले आणि युरोपभर वाचले गेले. 1492मध्ये या येहुदाचा मुलगा जेमतेम वर्षाचा होता. येहुदाला स्पेनमध्ये अडकवून ठेवण्यासाठी हे बाळ पळवायचा डाव शिजतोय असं कळल्यावर त्यानं त्याला दाईबरोबर गुपचूप पोर्तुगालला पाठवलं. तिथल्या राजानं ते ताब्यात घेतलं. काही वर्षांनी पोर्तुगालमध्ये सरसकट सक्तीचे बाप्तिस्मे झाले आणि त्यात त्या मुलालाही ख्रिस्ती केलं गेलं. बापानं 1503मध्ये काळाविरुद्ध तक्रार करणारी एक दीर्घ हिब्रू कविता लिहिली. तिच्यात तो दूरच्या मुलाला सांगतो, की तू कुणाचा आहेस ते विसरू नकोस, हिब्रू शीक.

म्हणजे इसाकच्या दोन पिढ्या वर एक ख्रिस्ती नाव, आणि दोन पिढ्या खाली सक्तीनं लादलेलं एक ख्रिस्ती आयुष्य. मधोमध इसाक, आपल्या शुद्ध वंशावळीसह. आजोबांना आपण पळपुटे म्हणू आणि त्या पोराला बिचारा. पण त्या दोघांमध्ये जो फरक आहे तो धैर्याचा कितीसा आणि वयाचा कितीसा?

दावीदच्या वंशाच्या दाव्यातही एक गाठ आहे. बायबलच्या कथेनुसार दावीदची पणजी रूथ ही मवाबी होती, परक्या जमातीतली, लग्न करून आलेली. म्हणजे ज्या राजाच्या रक्ताचा एवढा अभिमान, त्याच्याच घरात तीन पिढ्यांवर बाहेरची बाई आहे, आणि धर्मग्रंथानं ते लपवलेलं नाही. उलट तिच्या नावाचं एक स्वतंत्र पुस्तक केलंय. आणखी गंमत म्हणजे स्वतःला राजवंशी म्हणवणाऱ्या इसाकनं आपल्या भाष्यांत राजेशाहीवरच कडक टीका केली. माणसांना राजाची गरजच नसते, व्हेनिस-फ्लॉरेन्ससारखी प्रजासत्ताकं बरी, अशी त्याची बाजू होती. आयुष्यभर राजांची तिजोरी सांभाळल्यावर आलेलं शहाणपण असणार ते. वंशाचा अभिमान आणि वंशपरंपरागत सत्तेचा तिटकारा एकाच माणसात नांदत होते.

आता हे नाव जगाच्या नकाशावर कुठे कुठे गेलं ते पाहू. इसाकबरोबर ते इटलीत गेलं: नेपल्स, मग व्हेनिस. त्याचा धाकटा मुलगा सॅम्युएल आणि सून बेनव्हेनिदा नेपल्समध्ये राहिले. बेनव्हेनिदा ही मूळची अब्राव्हानेलच, इसाकच्या भावाची मुलगी. स्पॅनिश व्हाइसरॉयच्या मुलीवर तिनं आईसारखी माया केली, तीच मुलगी पुढे फ्लॉरेन्सची डचेस झाली. तरीही 1541मध्ये ज्यूंना नेपल्स सोडावं लागलं आणि हे कुटुंब फेराराला गेलं. स्पेनमधून निघालेल्या ज्यूंचा मोठा लोंढा ऑटोमन साम्राज्यात गेला होता. स्पेनला हिब्रूत 'सेफारद' म्हणतात, म्हणून हे लोक सेफार्दी. त्यांचं सगळ्यात मोठं ठाणं म्हणजे सालोनिका, आजच्या ग्रीसमधलं थेस्सालोनिकी. तिथे शतकानुशतकं बंदरावरचे हमालसुद्धा जुनी स्पॅनिश बोलत आणि शनिवारी बंदर बंद असे. अब्राव्हानेल घरं तिथे बरीच होती.

आणखी एक फांदी ॲमस्टरडॅमला. तिथला प्रसिद्ध रब्बी आणि मुद्रक मनासे बेन इस्राएल, ज्यानं 1655मध्ये क्रॉमवेलला भेटून ज्यूंना इंग्लंडमध्ये परत येऊ द्या म्हणून अर्ज केला, त्याची बायको रॅशेल या घराण्यातली. आपल्या मुलांत आईकडून दावीदचं रक्त आलंय याचा त्याला फार अभिमान. मुलाच्या नावात अब्राव्हानेल लागलं ते आईकडून. मनासेचं स्वतःचं जन्मनाव मात्र मानोएल दियास सोएरो होतं, कारण त्याचे आईबाप पोर्तुगालमध्ये ख्रिस्ती म्हणून जगत होते.

सालोनिकातून विसाव्या शतकात काही जण वेळेत निघाले. मॉरिस अब्राव्हानेल 1903मध्ये तिथे जन्मले, लहानपणीच स्वित्झर्लंडला गेले आणि पुढे अमेरिकेत युटा सिंफनीचे तीस वर्षांहून अधिक काळ संगीत-दिग्दर्शक होते. सॉल्ट लेक सिटीत, म्हणजे मॉर्मन पंथाच्या राजधानीत, त्यांच्या नावाचं मोठं सभागृह आहे. सिल्व्हिओ सांतोस यांचे वडीलही सालोनिकाचेच, ते रिओला पोचले. जे मागे राहिले त्यांना 1943मध्ये नाझींनी आगगाड्यांत कोंबून आउश्वित्झला नेलं. काही महिन्यांत पंचेचाळीस हजारांहून जास्त माणसं गेली. आज हे आडनाव दुर्मीळ आहे, त्याचं एक कारण हे.

आणि इस्राएलमध्ये? जेरुसलेममध्ये इसाकच्या नावाचा रस्ता आहे. पण सर्वसामान्य माणसाच्या तोंडी 'अबारबनेल' म्हणजे तेल अवीवजवळच्या बात यामचं मनोरुग्णालय, कारण त्याला हेच नाव दिलंय. आपल्याकडे 'याला येरवड्याला पाठवा' म्हणतात, तसं तिथे म्हणतात. दावीदच्या वंशाचं शेवटी असं झालं. मला ते वाईट वाटत नाही. येरवडा असो की बात याम, लोक तिथे बरे व्हायला जातात.

आता थोडं गणित. 1492पासून आजपर्यंत साधारण वीस पिढ्या होतात. प्रत्येकाला आईबाप दोन, आजी-आजोबा चार, असं दुप्पट करत गेलं तर वीस पिढ्या मागे 10,48,576 जागा भरतात. एकच पूर्वज अनेक जागांवर येत असणार, तरी आकडा प्रचंडच. त्यातली फक्त एक रेघ आडनाव म्हणून आपल्यापर्यंत येते, बापाच्या बापाच्या बापाची. बाकीच्या रेघांवर आलेल्या बायका, नाव बदललेले आजोबा, पळवलेली पोरं, ते सगळेही तितकेच आपले पूर्वज असतात. आडनाव त्यांच्याबद्दल काहीच सांगत नाही.

हे फक्त तत्त्वज्ञान नाही, याच्यावर माणसांचे कागद ठरतात. 2015मध्ये स्पेननं कायदा केला की हाकललेल्या सेफार्दी ज्यूंच्या वंशजांना नागरिकत्व मिळेल. पुराव्यांमध्ये एक होता आडनावाचा: तुमचं आडनाव सेफार्दी घराण्यातलं आहे असा जाणकार संस्थेचा अहवाल. मुदत संपेपर्यंत एक लाखाहून जास्त अर्ज आले. पाचशे वर्षांनी चूक सुधारावी हे चांगलंच. पण बघा, अब्राव्हानेल असलेल्याला हा पुरावा आयता मिळतो. कोरोनेल किंवा सांचेझ झालेल्याला तो शोधावा लागतो. ज्यांच्यावर सगळ्यात जास्त जबरदस्ती झाली, ज्यांचं नावच पुसलं गेलं, त्यांनाच पुरावा देणं सगळ्यात अवघड.

ही गोष्ट आपल्याला परकी वाटायचं कारण नाही. रायगडातले बेने इस्राएल आठवा. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून वाचलेल्यांचे आपण वंशज, अशी त्यांची परंपरा. नावं दावीद, सॅम्युएल, आणि आडनावं पेणकर, रोहेकर, केहिमकर. ज्या गावात तेल गाळलं, त्या गावाचं नाव लावलं. हे लोक इस्राएलला गेले, तेव्हा 1962मध्ये तिथल्या मुख्य रब्बींच्या संस्थेनं आदेश काढला, की यांच्याशी लग्न लावण्याआधी आईकडच्या पिढ्यांची चौकशी करा. मराठी बोलणाऱ्या माणसांनी निदर्शनं केली, धरणं धरलं. 1964मध्ये इस्राएलच्या सरकारला जाहीर करावं लागलं की हे इतर सगळ्यांसारखेच ज्यू आहेत. त्यांच्याकडे दावीदपर्यंतची यादी नव्हती. शनिवारी घाणा बंद ठेवायची सवय होती, म्हणून तर कोकणात त्यांना शनवार तेली म्हणत. पिढ्यान्‌पिढ्या पाळलेली ती सवय यादीपेक्षा कमी पुरावा कशी?

आणि आपलं रोजचं बघा. 'नाव काय?' विचारल्यावर पहिलं नाव सांगितलं की समोरचा थांबतो. 'पूर्ण नाव?' तेही सांगून कळलं नाही तर 'कुठले तुम्ही?' त्याला तुमच्याबद्दल काही जाणून घ्यायचं नसतं. तुम्हाला कुठल्या खणात टाकायचं तेवढं त्याला हवं असतं. भाड्याचं घर बघायला गेलेल्यांना हे मी सांगायला नको. आडनावाचा अभिमान आणि आडनावावरून होणारी पारख या एकाच सवयीच्या दोन टोकांना असतात. आपण एक ठेवून दुसरी टाकू शकत नाही.

मग अभिमान सोडूनच द्यायचा का? मला तसं वाटत नाही. इसाकनं आर्झिलाच्या अडीचशे माणसांसाठी जे केलं ते सांगण्यासारखं आहे, आणि त्याच्या वंशजाला ते सांगताना बरं वाटलं तर त्यात वावगं काय? पण त्याची एक अट असावी. इसाक सांगायचा तर हुआन सांचेझही सांगायचा, त्याच दमात, खाली मान न घालता. आजोबा भ्याले म्हणून जगले, जगले म्हणून नातू शूर होऊ शकला. हे दोन्ही ज्या घरात सांगता येतं, तिथे आडनाव सांभाळायला काही हरकत नाही. जिथे फक्त पहिलं सांगितलं जातं, तिथल्या पोरांना कधी ना कधी प्रश्न पडणारच, की आपण भ्यालो तर आपल्यालाही यादीतून गाळणार का?

ज्यूंच्या मिश्ना या प्राचीन ग्रंथात एक विचार आहे, की देवानं सुरुवातीला एकच माणूस घडवला, कारण माझा बाप तुझ्या बापापेक्षा मोठा असं पुढे कुणी म्हणू नये. इसाक अब्राव्हानेल मोठा पंडित, त्याला हे माहीत असणारच. तरी त्यानं वंशावळ लिहिली. माणूस आहे, चालायचंच.

सिल्व्हिओ सांतोसनी नाव बदललं तेव्हा त्यांच्यावर कुणी तलवार धरली नव्हती.  त्यांच्या मुली टीव्हीवर येतात त्या मात्र अब्राव्हानेल म्हणून. एका पिढीनं ठेवलेलं नाव पुढचीनं उचललं. सहाशे वर्षांपूर्वी सेव्हिलमध्ये असंच झालं होतं. फक्त तेव्हा मुलाला ते उचलायला देश सोडावा लागला होता.